लोखंडाचं औषध आणि डाळिंबाची साल

काचीगुडा, हैदराबाद दक्षिण
२० नोव्हेंबर १९३७

चि. दिगंबरास वेणूताईचे आशीर्वाद.

तुझं पत्र मंगळवारी आलं आणि रिवाजाप्रमाणे त्याचं जाहीर वाचन झालं. तुला किती वेळा सांगायचं, या घरात पत्र ही एकट्यानं वाचायची चीज नाही. जेवणं झाली की हे चष्मा लावून ओसरीत बसतात आणि सासूबाईंना वाचून दाखवतात. वकील माणूस! कागद हातात आला की तारखेपासून सहीपर्यंत, मधलं अक्षर गाळणार नाहीत. तू लिहिलंस, 'आज म्हशीची कातडी चुन्यातून काढली.' सासूबाई विडा लावत होत्या, हात तसाच थांबला. म्हणाल्या, "अगं, तुझा भाऊ मद्रासला रसायन शिकायला गेलाय ना?" मी म्हटलं, "रसायनच आहे ते, जरा ओलं आहे इतकंच." हे हसले. त्या नाही हसल्या.

उदगीरकरांच्या सुनेचा भाऊ सरकारी वजीफा घेऊन चामडं कमवायला शिकतो, ही गोष्ट त्यांनी अजून गल्लीत फुटू दिलेली नाही. तेव्हा बाबा रे, कातडी जरा बाजूला ठेव आणि ते तुझं टॅनिन टॅनिन काय असतं ते मला समजेल असं लिही. म्हणजे मलाही चारचौघींत सांगता येईल.

मी बरी आहे. जरा दम लागतो. जनाना दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी लोखंडाचं औषध दिलंय, लालसर तपकिरी पाणी, चव खिळा चोखल्यासारखी. काळजीचं काही नाही. चिवडा पाठवलाय, एकटा खाऊ नकोस.

तुझी वेणूताई

*

मद्रास
३ डिसेंबर १९३७

ती. ताईस सा. नमस्कार.

चिवडा पोचला. एकट्यानंच खाल्ला.

आता टॅनिन. कच्चं जांभूळ खाल्लंस की जीभ कशी आखडते? सुपारी, केळफूल, डाळिंबाची साल, सगळ्यांची तीच तऱ्हा. आपण त्याला तुरट म्हणतो आणि सोडून देतो. खरं म्हणजे झाडानं ते आपल्या रक्षणासाठी साल, पानं, कच्ची फळं यांत भरून ठेवलेलं असतं, की खाणाऱ्यानं तोंड वाकडं करून निघून जावं. तोंडात गेलं की ते आपल्या लाळेतला बुळबुळीत भाग धरून बसतं, म्हणून तोंड कोरडं पडतं. आम्ही इथे ज्या वस्तूवर ते घालतो (नाव लिहीत नाही, सासूबाईंसाठी), तिलाही ते असंच धरतं आणि मग ती सडत नाही.

यांची दोन घराणी आहेत. एक हिरडा, माजूफळ, डाळिंबाची साल यांचं. हे टॅनिन आम्लाच्या पाण्यात उकळलं की फुटतं, त्याचे तुकडे पडतात. दुसरं बाभूळ, तरवड आणि कात यांचं. ते फुटत नाही, उलट एकमेकांना बिलगून लाल गाळ होऊन तळाशी बसतं. ओळखायचं कसं? लोखंडाच्या क्षाराचा एक थेंब टाकायचा. पहिलं निळंकाळं होतं, दुसरं हिरवटकाळं. पहिल्या दिवशी मी हे करून पाहिलं तेव्हा इतका हरखलो की मास्तर म्हणाले, मिस्टर, ही तर शाई, जुन्या कचेऱ्यांत हिनंच लिहीत असत. आपल्या निजामाच्या मुलखातला तरवड आणि हिरडा इथे गाड्या भरभरून येतो ताई, आणि कमवायला शिकलेला माणूस तिकडे एक नाही. परत आलो की बघ.

पण तुला दम का लागतो? डॉक्टरीणबाईंकडे तू उगाच जाणारी नव्हेस. खरं काय ते लिही.

तुझा दिगंबर

*

काचीगुडा
२८ डिसेंबर १९३७

चि. दिगंबरास आशीर्वाद.

तुझ्यापासून काही लपत नाही म्हणून लिहिते. मला पाचवा महिना आहे. धाकट्या भावाला हे लिहिताना लाजेनं हात जड होतो, पण आई नाही, तेव्हा कुणाला लिहू?

अंगात रक्त नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणतात. बोटाला टोचून रंग जुळवून पाहतात. चाळीस टक्के निघालं. महिनाभर औषध घेऊनही चाळीसच. त्यांना नवल वाटतंय. परवा त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, महाशिवरात्रीपर्यंत रक्त वाढलं नाही तर बाळंतपणाचा भरवसा मी देऊ शकत नाही. मागच्या वेळी मुलगी गेली आणि मी कशीबशी वाचले, ते त्यांना ठाऊक आहे. दिगू, मला भीती वाटते. इथे कुणाला बोलून दाखवत नाही, तुला सांगते.

हयगय मात्र काडीची नाही हं. औषधानं दात काळे पडतील म्हणून सासूबाई ते कडक चहात घालून देतात. चहा असा काळाभोर होतो की बघत राहावं. त्या म्हणतात, लोखंड उतरलं बघ त्यात! औषधानं पोट बिघडतं, म्हणून पाठोपाठ डाळिंबाच्या सालीचा काढा. तुरट वस्तू गर्भ धरून ठेवते असं त्यांच्या आईनं त्यांना सांगितलेलं. पहाटे उठून स्वतः साल कुटतात, मला हात लावू देत नाहीत. एवढं सगळं करून रक्त का वाढत नाही, देव जाणे.

गावाकडे काकूला कळवू नकोस, उगाच परेशान होईल.

वेणूताई

*

मद्रास
४ जानेवारी १९३८

ताई, हे पत्र फक्त तू वाच. कुणालाही दाखवू नकोस.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेत उभ्या उभ्या वाचलं. चहात टॅनिन असतं. डाळिंबाच्या सालीत तर इतकं असतं की आम्ही ती इथे कामाला घेतो. त्यात लोखंड पडलं की काय होतं ते मी तुला गेल्याच पत्रात लिहिलं होतं ना? अगं, त्या म्हातारीनं तुला महिनाभर शाई पाजली आहे! लोखंड टॅनिननं धरून ठेवलं, ते तुझ्या अंगाला लागणार कुठून? इथल्या औषधशास्त्राच्या पुस्तकात स्पष्ट लिहिलंय, लोखंडाबरोबर तुरट पदार्थ देऊ नये. डॉक्टरीणबाई औषध चहात घाला म्हणाल्या होत्या का? मुळीच नसतील. हे सगळं तुमच्या स्वयंपाकघरातलं शहाणपण.

आजपासून औषध साध्या पाण्यात घे, वर लिंबू पिळ. नळीनं ओढ, म्हणजे दात काळे होणार नाहीत. चहा बंद, काढा मोरीत ओत. सासूबाईंना सांगू नकोस, त्या हट्टाला पेटतील. त्यांची सून गेली तर त्यांना दुसरी मिळेल, मला दुसरी बहीण नाही.

दिगंबर

*

काचीगुडा
१२ जानेवारी १९३८

दिगंबर,

काय करून ठेवलंस हे!

पत्र आलं तेव्हा मी माडीवर निजले होते. यांनी फोडलं आणि सुरू केलं. 'ताई, हे पत्र फक्त तू वाच, कुणालाही दाखवू नकोस.' तेही मोठ्यानं वाचलं! मी जिन्यावरून ऐकलं आणि धावत खाली यायला निघाले, पण माझा दम तो केवढा? मधल्या पायरीवर बसावं लागलं. तिथे बसून 'त्या म्हातारीनं' ऐकलं, 'शाई पाजली' ऐकलं, आणि शेवटचं 'दुसरी मिळेल' तेही ऐकलं. हे वाचून संपल्यावर कुठे भानावर आले. मग चष्मा पुसत बसले.

सासूबाई उठल्या, औषधाची बाटली कोनाड्यात ठेवली आणि मला म्हणाल्या, "आजपासून माझ्या हातचं काही घेऊ नकोस बाई. तुझ्या भावाला विचार आणि घे." पाच दिवस झाले, देवघरातून बाहेर येत नाहीत, जेवणसुद्धा घासभर.

तुला काही ठाऊक आहे का रे? मागच्या वेळी मुलगी गेली तेव्हा मला कुणी सांगेना. यांनी सांगितलं. मी ओरडत होते तर सासूबाई माझ्या पलंगावर चढून मला मिठीत घेऊन बसल्या, सोवळं नाही, ओवळं नाही, दिवस उजाडेपर्यंत. त्या बाईला तू असं लिहितोस? तुझं रसायन खरं असेल. असू दे. मी त्यांच्या समोर चहात घालूनच औषध घेतेय, आणि काढाही स्वतः उकळून पितेय. त्यांचं मन मोडून मला रक्त वाढवायचं नाही. काय व्हायचं ते होवो.

वेणू

*

मद्रास
१९ जानेवारी १९३८

ती. सौ. भागीरथीबाई उदगीरकर यांच्या चरणी दिगंबरचा साष्टांग नमस्कार.

हे पत्र मोठ्यानं वाचावं, अनंतरावांना माझी विनंती आहे. काही गाळू नये.

मी वाट्टेल ते बोललो. ताईनं मला खरमरीत लिहिलंय आणि मी त्याच लायकीचा आहे. आमची आई गेली तेव्हा मी लहान होतो, पण तिच्या ओठांचा पांढरा रंग मला अजून दिसतो. ताईचं पत्र वाचलं आणि तोच रंग डोळ्यांपुढे आला. मग हात सुटला, तोंड सुटलं. मला माफ करा, असं म्हणायलाही तोंड नाही.

तुमच्या आईंनी सांगितलं ते खरं आहे. तुरट वस्तू धरून ठेवते. आमची सगळी विद्या तेवढ्यावरच उभी आहे. फक्त ती काय धरायचं आणि काय सोडायचं हे निवडत नाही. लोखंड दिसलं की तेही धरते.

माझ्यावर विश्वास ठेवू नका. पांढऱ्या तीन वाट्या घ्या. एकीत साधं पाणी आणि लिंबू, दुसरीत चहा, तिसरीत सालीचा काढा. प्रत्येकीत औषधाचे थेंब टाका आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघा. पटलं नाही तर मी पुन्हा अक्षर काढणार नाही. पण ताई तुमच्या मनासाठी मुद्दाम तेच पितेय, आणि महाशिवरात्र जवळ आली आहे. मी इथून काही करू शकत नाही. तुम्हीच करू शकता.

आपला,
दिगंबर

*

काचीगुडा, हैदराबाद
माघ शुद्ध अष्टमी, शके १८५९

चि. दिगंबर यास भागीरथीबाईचा आशीर्वाद. लिहिणार अनंता, सांगणार मी.

तुझं पत्र ऐकलं. लगेच उत्तर द्यायचं नाही असं मी ठरवलं होतं. तू मला म्हातारी म्हणालास. म्हातारी आहेच मी, पण ते तू कशाला सांगायचं? अनंता, हे लिहू नको. लिहिलंस? बरं, राहू दे.

पण सून माझ्या मनासाठी पितेय, ते वाक्य काही मला झोपू देईना. मी देवघरात रुसून बसले आणि ही पोर तिकडे मला खूश करायला तेच घेतेय! काल दुपारी मी तीन वाट्या मांडल्या. शेजारची खुर्शीद खाला चिंचा मागायला आली होती, तिला म्हटलं, बैस, साक्षीला राहा. लिंबाच्या पाण्यात थेंब टाकले, पाणी होतं तसंच पिवळसर राहिलं. चहात टाकले, काळा. काढ्यात टाकले आणि अरे दिगंबरा, तो असा काळा पडला की वाटीचा तळ दिसेना. खाला ओरडली, "अगे माई, ये तो मेरी मिस्सी हो गई! मैं दाँतां को लगाती, तुम बहू के पेट में डाल रै?" ती दात काळे करायची मिस्सी घरीच करते, माजूफळ आणि लोखंडाचा कीस घालून. म्हणजे ही गोष्ट तिला आयुष्यभर ठाऊक होती आणि मला नाही. खाला गेली तरी मी वाट्यांसमोर बसून होते. काढ्याची वाटी हातात होती. ज्या हातानं पहाटे साल कुटली, तोच हात. पुष्कळ रडले. अनंता, हेही लिहितोस का रे? लिही मग. त्याला कळू दे.

आता ऐक. कालपासून या घरात चहा बंद. माझा, अनंताचा, सगळ्यांचा. बाळंतपण होईपर्यंत चहाचं भांडं माळ्यावर. (दिगंबर, मी अनंत लिहितो आहे. कोर्टात डोकं धरून बसतो, पण तक्रार नाही.) औषध मी स्वतः लिंबाच्या पाण्यात घालून देते, गव्हाच्या काडीनं ओढायला लावते. वाटी रिकामी झाली की मला दाखवायची.

तू हे सांग. जेवणावर विडा चालेल का? त्यात कात असतो, आणि कात तुझ्या दुसऱ्या घराण्यातला, असं तूच लिहिलं होतंस. आणि पोट बिघडलं तर काय द्यायचं? लवकर कळव. आणि परीक्षेचा अभ्यास कर.

भागीरथीबाई

*

मद्रास
१४ फेब्रुवारी १९३८

ती. सौ. भागीरथीबाईंच्या चरणी सा. नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, एकदा स्वतःशी आणि एकदा खोलीत मोठ्यानं. इतका हलका मी कित्येक दिवसांत झालो नव्हतो.

कात नको. तुम्ही अगदी बरोबर ओळखलंत, तो हिरवटकाळा करील, पण लोखंड धरीलच. सुपारीही नको. पोटाला पातळ ताकभात द्या आणि औषध जेवणानंतर घेऊ द्या. तरीही बिघडलं तर डॉक्टरीणबाईंना विचारा, मला नको. मी वैद्य नाही.

एक सांगायला हवं. रक्त एका दिवसात चढत नाही. महाशिवरात्रीपर्यंत वेळ थोडा आहे. आकडा थोडा जरी हलला तरी धीर सोडू नका. अनंतरावांना म्हणावं, डोकेदुखी चार दिवसांत जाईल.

दिगंबर

*

काचीगुडा
३ मार्च १९३८

चि. दिगूस आशीर्वाद.

हलला रे आकडा! चांगला हलला. काल सासूबाई स्वतः माझ्याबरोबर टांग्यात बसून दवाखान्यात आल्या. डॉक्टरीणबाईंनी बोट टोचलं, रंग जुळवला, पुन्हा जुळवला. बावन्न. "क्या बदला?" म्हणून विचारलं तर मी काही बोलायच्या आत सासूबाईच ऐटीत म्हणाल्या, "टॅनिन बंद किया!" बाईंनी मग सगळं विचारून घेतलं, आणि चहाचं ऐकून कपाळाला हात लावला. म्हणाल्या, अजून जपायचं, साठ तरी हवं, पण आता मला आशा आहे. तो शब्द ऐकायला माझे कान किती आसुसले होते, तुला नाही कळायचं.

बाहेर आल्यावर सासूबाई पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, जरा थांब, बसू दे मला. आम्ही दोघी बसलो, टांगेवाला शिव्या देत राहिला.

एक गंमत. आता गल्लीत कुणाची पोर पांढरी दिसली की सासूबाई तिच्या घरी वाट्या मांडायला जातात. माझ्या सुनेचा भाऊ मद्रासला याच विद्येत आहे, म्हणतात. काय विद्या, ते मात्र सांगत नाहीत अजून. थोडा दम धर.

वेणूताई

*

काचीगुडा
९ मे १९३८

चि. दिगंबरास वेणूताईचे खूप खूप आशीर्वाद.

तार मिळालीच असेल. तारेत यांनी 'मुलगी, दोघी खुशाल' एवढंच लिहिलं. एरवी अक्षर न गाळणारा माणूस, पण आनंदानं त्यांना पुढचं सुचेना. म्हणून बाकीचं मी लिहिते. खाटेवर उशीला टेकून लिहितेय, अक्षराला हसू नकोस.

वेळ बराच लागला. रक्तही गेलं, मागच्याइतकंच. मला वाटलं, झालं आता. डॉक्टरीणबाई नंतर म्हणाल्या, "या वेळी अंगात होतं, म्हणून गेलेलं पेललंत." मी ते मनात पुन्हा पुन्हा म्हणतेय. अंगात होतं. ते तिथे कुणी आणि कसं भरलं, हे तुला मी सांगायला नको. सासूबाई दवाखान्याच्या दारात रात्रभर उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसल्या नाहीत.

मागच्या वेळी त्या खोलीत इतकं शांत होतं, दिगू. मी वाट बघत होते आणि कुणी काही बोलत नव्हतं. ती शांतता माझ्या कानांत बसली होती, कुणाला सांगितलं नाही. या वेळी मी डोळे मिटून घेतले होते. आणि ही बया अशी टाहो फोडून रडली की शेजारच्या खोलीतली बाई उठून बसली.

बारशाला ये. परीक्षा झाल्यावर ये, थांबतो आम्ही. रंग अजून लालबुंद आहे, कुणावर गेलीय ते ठरलेलं नाही, रोज भांडणं चालू आहेत.

आता पुरे करते. उठली बघ, रडायला लागली. सासूबाई स्वयंपाकघरातून यायच्या आत मीच घेते तिला.

वेणूताई